दोन अक्षरांचा शोध

जगभरातल्या ओपन सोर्स प्रकल्पांपैकी कशाकशात मराठीची सोय आहे, हे एखाद्या मराठी माणसाला जाणून घ्यायचे असेल तर त्याने काय करावे? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर सोपे असायला हवे. हा सगळा सोर्स कोड उघडा आहे, कोणीही वाचावा असा. भाषा ओळखण्यासाठी संगणकाच्या जगात ठरलेले संकेतही आहेत. आयएसओ ६३९ या आंतरराष्ट्रीय प्रमाणात मराठीच्या वाट्याला दोन रोमन अक्षरे आली आहेत, एम आणि आर. तेव्हा शोधाच्या चौकटीत ‘एमआर’ टाकले की यादी हातात पडावी. पडते ते भलतेच. लिनक्सच्या गाभ्यात, संगणकांना एकमेकांशी वेगाने जोडणाऱ्या भागात, ‘एमआर’ म्हणजे मेमरी रीजन. संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या क्यूईएमयूमध्येही तेच. गिटलॅबवर काम करणाऱ्यांच्या लेखी ‘एमआर’ म्हणजे मर्ज रिक्वेस्ट. त्यात नमुन्यादाखल लिहिलेल्या नावांआधीचा इंग्रजी ‘मिस्टर’ येतो, एमआरआय येतो, आणि रोमन लिपीतल्या अमृतसरच्या पोटात दडलेली हीच दोन अक्षरेही येतात. या गर्दीत मराठी कुठे आहे हे दिसत नाही.

शेजारच्या भाषांची अवस्था याहून बिकट आहे. ओडियाचा संकेत ‘ओआर’. पायथनमध्ये तो ‘किंवा’ सांगणारा शब्द, आणि कित्येक शोधयंत्रांत दोन अटी जोडणारी खूणही तीच, म्हणजे ओडिया शोधायला निघालेल्याचा प्रश्नच यंत्र वेगळा समजते. असमियाचा ‘एएस’ पायथनच्या जवळजवळ प्रत्येक फाइलच्या माथ्यावर असतो, कारण लायब्ररीला टोपणनाव देताना तोच शब्द लागतो. नेपाळीचा ‘एनई’ शेल आणि पर्लमध्ये ‘समान नाही’ म्हणून वापरतात. मल्याळमचा ‘एमएल’ मशिन लर्निंगने व्यापला आहे. बांगलाचा ‘बीएन’ ओपनएसएसएलमधल्या मोठ्या संख्यांच्या फंक्शनांनी. हिंदीचा ‘एचआय’ इंग्रजीतल्या निम्म्या नेहमीच्या शब्दांच्या आत बसलेला. कोकणीला दोन अक्षरी संकेत मिळालाच नाही. तिचा संकेत तीन अक्षरी आहे आणि शोधाच्या दृष्टीने तो एक फायदाच ठरतो. फक्त देशोदेशींच्या वेळांची यादी जिथे जिथे असते तिथे तिथे बँकॉक असते, आणि रोमन लिपीतल्या बँकॉकची शेवटची तीन अक्षरे नेमकी कोकणीची आहेत.

ही केवळ गैरसोय आहे, थोडे डोके चालवले की निभावते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. ओपन सोर्सने आपल्याला दिलेली मोकळीक शोधाच्या सोयीवर उभी आहे. ती सोय कितपत खरी आहे याची कसोटी लांबलचक, वेगळ्या, एकमेव अशा नावांवर लागत नाही. तशी नावे कोणतेही यंत्र शोधून देते. कसोटी लागते ती आखूड शब्दावर, दोन-तीन अक्षरांवर, कधी एका चिन्हावर. तिथे आजची सार्वजनिक साधने कमी पडतात. हा प्रश्न काही कंपन्यांच्या मर्जीवर सोडून आपण मोठी चूक करत आहोत.

आधी मोकळिकीचे पाहू. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने वापरणाऱ्याचे चार हक्क सांगितले. त्यातला एक प्रोग्रॅम कसा चालतो याचा अभ्यास करण्याचा, आणि त्यासाठी सोर्स कोड मिळालाच पाहिजे. हा हक्क मांडला गेला तेव्हा अभ्यास म्हणजे वाचन होते. एका प्रोग्रॅमचा कोड एक माणूस काही आठवड्यांत वाचू शकत असे. आज कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाच्या अभियंत्यांनीच दिलेले आकडे पाहा. २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांनी आपल्या नव्या शोधव्यवस्थेची रचना समजावून सांगितली. तेव्हा त्या व्यवस्थेत सुमारे साडेचार कोटी रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पांचे साठे, होत्या, १५५० कोटी फाइल होत्या, ११५ टेराबाइट कोड होता. हा त्यांच्याकडच्या कोडचा एक भाग, सगळा नव्हे. एवढा कोड वाचणारा माणूस जन्माला यायचा नाही. इथे वाचन म्हणजेच शोध. ज्याला शोधता येत नाही त्याच्यापुढे हा कोड उघडा असूनही बंद आहे, मग परवान्यात काहीही लिहिलेले असो.

शोध चालतो कसा, हे समजल्याशिवाय आखूड शब्दाची अडचण कळत नाही. सगळ्यात साधी रीत ग्रेपची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी लिहिलेली ही कमांड फाइल ओळीओळीने चाळते आणि जुळणारी ओळ दाखवते. तिला शब्द आखूड की लांब याच्याशी कर्तव्य नसते. आपल्या संगणकावरच्या एखाद्या प्रकल्पासाठी आजही यापेक्षा चांगले काही नाही. २०१६ मध्ये आलेल्या रिपग्रेपने तर हे काम विलक्षण वेगवान केले. पण गिटहबच्या लोकांनी हिशेब मांडून दाखवला. ११५ टेराबाइट कोड सगळा मेमरीत ठेवला आणि २०४८ प्रोसेसर कोअर एकाच वेळी जुंपले, तरी अशा चाळणीला एका प्रश्नामागे ९६ सेकंद लागतील, आणि तेवढा वेळ बाकीच्यांनी रांगेत उभे राहायचे. म्हणून आधीच सूची करून ठेवावी लागते.

सूची कशाची करायची, इथे खरा निर्णय आहे. गद्य मजकुरासाठी शब्दांची सूची पुरते. कोडमध्ये शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हेच निश्चित नसते. बाण, कंस, ठिपके, अधोरेखा हे सगळे अर्थाचा भाग असतात. रस कॉक्स यांनी २००६ च्या उन्हाळ्यात गूगलमध्ये इंटर्न म्हणून काम करताना यावर तोडगा काढला आणि त्याच वर्षी गूगल कोड सर्च सुरू झाले. त्यांनी सूची केली ती सलग तीन-तीन चिन्हांच्या तुकड्यांची. प्रत्येक त्रिकापुढे ते ज्या फाइलींत आहे त्यांची नोंद. शोधायचा शब्द आला की त्याची त्रिके पाडायची, सगळी त्रिके असलेल्या फाइली निवडायच्या आणि तेवढ्याच प्रत्यक्ष चाळायच्या. तीनच का, याचेही उत्तर त्यांनी दिले आहे: दोनांच्या जोड्या फार कमी पडतात, चारांचे तुकडे फार जास्त होतात. आकडेमोड कोणीही करून पाहावी. इंग्रजी कळफलकावरची छापता येणारी चिन्हे ९५. त्यांच्या जोड्या होतात ९,०२५ आणि त्रिके ८,५७,३७५. नऊ हजार कप्प्यांत कोट्यवधी फाइली टाकल्या तर प्रत्येक कप्पा तुडुंब भरतो आणि सूची असून नसल्यासारखी होते.

तेव्हा त्रिकांच्या सूचीपुढे दोन अक्षरांचा शब्द ठेवला की तिच्याकडे द्यायला उत्तरच नसते. एक पूर्ण त्रिकही त्यातून निघत नाही. यंत्रापुढे दोनच वाटा उरतात, सगळे चाळा किंवा नकार द्या. तीन अक्षरे असली तरी फार सुटका नाही. इंग्रजीत ‘साठी’ या अर्थाचा जो तीन अक्षरी शब्द बहुतेक संगणकीय भाषांत आवर्तन सुरू करायला वापरतात, तो कुठल्या फाइलमध्ये नसतो? गिटहबने म्हणूनच साधी त्रिके सोडून कमी-जास्त लांबीचे, विरळ जोड्या पाहून पाडलेले तुकडे वापरले. बुद्धिमान उपाय आहे, त्याचे मोल मी कमी करत नाही. मात्र आखूड शब्द त्यानेही लांब होत नाही.

आणि हे सगळे गणित रोमन लिपी गृहीत धरून मांडलेले आहे. मराठी वाचकाने इथे थोडे थांबावे, कारण पुढची गोष्ट त्याच्या लिपीची आहे. कोडमध्ये देवनागरी मजकूरही असतो: भाषांतराच्या फाइलींत, टंकांच्या चाचण्यांत, शब्दकोशांत, शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनांत. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. पहिली बाइट सगळ्या चिन्हांना सारखी, दुसरी दोनांपैकी एक, आणि फरक दाखवण्याचे मुख्य काम तिसरीचे. आता कॉक्स यांनी पुढे प्रसिद्ध केलेल्या प्रोग्रॅमप्रमाणे त्रिके बाइटची पाडली, तर रोमन मजकुरातले त्रिक तीन अक्षरांचा क्रम सांगते आणि देवनागरीतले त्रिक एका चिन्हापलीकडे जवळजवळ काहीच सांगत नाही. ‘मराठी’ या शब्दात पाच चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट. सूचीला त्यातून कळते ते एवढेच की फाइलमध्ये म आहे, र आहे, काना आहे, ठ आहे, दुसरी वेलांटी आहे. कुठल्या क्रमाने, ते कळत नाही. ही पाच चिन्हे मराठीतल्या कोणत्या पानभर मजकुरात नसतील? सूची सगळ्याच मराठी फाइली पुढे ढकलते आणि यंत्राला त्या मुळापासून चाळाव्या लागतात. शेवटी उत्तर बरोबर येते, पण सूचीचा उपयोग शून्य. रोमन लिपीत पंधरा बाइटचा शब्द म्हणजे सुखाचा शोध. आपल्याकडे तेवढाच लांब शब्द सूचीच्या लेखी आखूड राहतो. यावर इलाज आहे आणि तो अवघडही नाही. झूक्टसारखी काही साधने बाइटऐवजी संपूर्ण चिन्हांची त्रिके पाडतात. म्हणजे इथे अडचण लिपीची नसून करणाऱ्याच्या गृहीतकाची आहे.

‘संपूर्ण शब्द जुळला तरच दाखवा’ ही सोय आखूड शब्दासाठी सगळ्यात मोलाची. तीही देवनागरीत डळमळते. रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुराचा नमुना सांगण्याची भाषा, वाचणाऱ्या पायथनच्या मूळ लायब्ररीला काना-मात्रा-वेलांट्या शब्दाचा भाग वाटत नाहीत. तिच्या दृष्टीने ‘मराठी’ हा एक शब्द नाही. ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन शब्द आहेत, मध्ये आणि शेवटी काही परकी चिन्हे. ‘सुऱ्या’सारख्या शब्दातला ऱ दोन वेगळ्या पद्धतींनी टंकता येतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि बाइट जुळवणाऱ्या शोधाला एकाने टंकलेला दुसऱ्याला सापडत नाही. शाळेत शुद्धलेखनाचे नियम घोकलेल्या पिढीला हे पाहून वाईट वाटेल.

आता कोणी म्हणेल, आखूड शब्दाला एवढे महत्त्व कशाला? कारण कोडमधल्या फार मोठ्या घटना फार लहान शब्दांत दडलेल्या असतात. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेलच्या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म त्या वेळच्या इंटरनेटवरच्या हजारो संगणकांत शिरला. त्याच्या वाटांपैकी एक होती फिंगर नावाच्या सेवेतली. त्या सेवेने आलेली ओळ वाचायला सी भाषेतले ‘गेट्स’ हे चार अक्षरी फंक्शन वापरले होते. ते किती मजकूर येतो आहे हे पाहत नाही. ५१२ बाइटच्या जागेत त्याहून जास्त ओतले की शेजारची मेमरी बिघडते, आणि वर्मने तेच केले. हे फंक्शन सी भाषेच्या प्रमाणातून पूर्णपणे हटायला २०११ साल उजाडले. आपल्या कोडमध्ये ते अजून कुठे उरले आहे का, हा शोध कोणत्याही जबाबदार माणसाने घ्यावा असा. ती चार रोमन अक्षरे टाकून पाहिली तर सापडतात विजेट्स, टार्गेट्स, बजेट्स, कारण इंग्रजी स्पेलिंगमध्ये या सगळ्यांच्या शेपटीला तीच अक्षरे आहेत. शिवाय त्याच फंक्शनचा सुरक्षित भाऊ, ज्याच्या नावाआधी फक्त एक ‘एफ’ जास्त आहे, तोही हजारो ठिकाणी भेटतो. अलीकडे शब्दाची सीमा आणि पलीकडे उघडणारा कंस, हे दोन्ही शोधयंत्राला सांगता आले तरच खरा गुन्हेगार सापडतो.

गिटहबच्या आधीच्या शोधात हे सांगताच येत नसे. ती व्यवस्था शब्दांच्या सूचीवर उभी होती आणि कंस, ठिपके, बाण, समानतेच्या खुणा सरळ गाळून टाकत असे. जगातला सगळ्यात मोठा ओपन सोर्स कोडचा साठा वर्षानुवर्षे विरामचिन्हे न दिसणाऱ्या नजरेने चाळला जात होता. या काळात किती जणांनी ‘सापडत नाही, म्हणजे नसेल’ असे म्हणून शोध सोडला असेल, याची नोंद कुठेच नसणार.

‘गेट्स’हूनही लहान खुणेची गोष्ट २०२४ ची आहे. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. त्याच्या देखभालीत हळूहळू शिरकाव करून कोणीतरी त्यात चोरदरवाजा बसवला. एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढ्या धाग्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो पकडला आणि २९ मार्चला जाहीर केला. नंतर कोड तपासताना आणखी एक गोष्ट उघडकीस आली. सीमेकच्या बांधणीच्या फाइलमध्ये लँडलॉक हे संरक्षण उपलब्ध आहे का, हे पाहणारा एक छोटा चाचणी-प्रोग्रॅम होता. त्यात एका ओळीवर एकटे टिंब घातलेले होते. त्या टिंबामुळे चाचणी-प्रोग्रॅम कधीच कंपाइल होत नसे, बांधणीला वाटे की संरक्षण उपलब्ध नाही, आणि ते गुपचूप बंद राही. एक टिंब! डोळ्यांनी वाचणाऱ्याच्या नजरेतून ते सुटणारच.

टिंब शोधायचे तर ते प्रत्येक फाइलमध्ये आहे. पण ‘ज्या ओळीवर टिंबाखेरीज काहीच नाही, ती ओळ’ असे विचारले की चित्र पालटते. ओळीचा शेवट, टिंब, पुन्हा ओळीचा शेवट. मोजून तीन बाइट, म्हणजे एक त्रिक. लिनक्सच्या मदत-पानांच्या मजकुरात अशा ओळी नेहमी असतात, त्या वगळून फक्त सीमेकच्या फाइली घेतल्या तर उरणारी यादी माणसाला वाचता येण्याजोगी होते. शब्द आखूड आहे की नाही हे त्याच्या अक्षरसंख्येवर ठरत नाही, त्याच्या अलीकडे-पलीकडे काय आहे हे विचारण्याची मुभा आपल्याला आहे की नाही यावर ठरते. ती मुभा देणारे यंत्र एका चिन्हाचाही शोध घेऊ शकते. न देणारे यंत्र दहा अक्षरांनाही चुकते.

मात्र एक्सझेडच्या प्रकरणातला दुसरा धडा कडू आहे आणि तो लपवणे बरोबर नाही. चोरदरवाजा चालू करणारी मुख्य स्क्रिप्ट रिपॉझिटरीत नव्हतीच. ती फक्त वाटपासाठी बांधलेल्या संग्रहात घातली होती. रिपॉझिटरी कितीही बारकाईने शोधली असती तरी तो भाग सापडला नसता. डेबियनसारखे लिनक्सचे वितरण प्रत्यक्ष वाटला जाणारा संग्रह घेते आणि त्याचाच शोध देते, म्हणून त्या शोधाचे महत्त्व वेगळे आहे.

शोध कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न इथून सुरू होतो. गूगल कोड सर्च १५ जानेवारी २०१२ रोजी बंद झाले. सेवा उत्तम होती, वापरणारे हळहळले, आणि कंपनीच्या प्राधान्यक्रमात ती बसत नव्हती एवढ्यावर विषय संपला. त्यातून काही वाचले ते कॉक्स यांच्यामुळे. त्यांनी त्याच महिन्यात सगळी रीत तपशीलवार लिहून प्रसिद्ध केली आणि सोबत चालणारा कोडही दिला. त्या आधारावर मायकेल स्टापेलबर्ग यांनी जर्मनीत आपल्या पदवीच्या प्रबंधासाठी डेबियन कोड सर्च उभारले आणि त्याच वर्षी ते लोकांसाठी खुले झाले. तेव्हा डेबियनच्या सगळ्या पॅकेजांचा मिळून कोड सुमारे १३० जीबी होता. लॉगिन लागत नाही, रेग्युलर एक्स्प्रेशन चालते. महाकाय कंपनीने सोडून दिलेले काम एका विद्यार्थ्याने सार्वजनिक करून दाखवले, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आशादायक वाटते.

गिटहबचा आजचा शोध पूर्वीपेक्षा कितीतरी चांगला आहे. विरामचिन्हे चालतात, रेग्युलर एक्स्प्रेशन चालते, फाइलच्या वाटेची अट घालता येते. पण सगळ्या रिपॉझिटरींत शोधायचे तर खाते काढून लॉगिन करावे लागते. फक्त मुख्य शाखेत शोध होतो. ३५० किलोबाइटहून मोठ्या फाइली सोडून दिल्या जातात, आणि भाषांतराच्या फाइली पुष्कळदा याहून मोठ्या असतात. आणि कितीही जुळण्या असल्या तरी पहिल्या शंभरच दाखवल्या जातात. लांब, विरळ नावासाठी शंभर पुरतात. आखूड शब्दासाठी शंभर म्हणजे काहीच नाही. त्या शंभरांत मराठी आली नाही म्हणून ती नाही असे म्हणता येत नाही, आणि आली तरी सगळी आली असेही नाही. खाजगी कंपनीने आपला खर्च पाहून मर्यादा घालणे मी समजू शकतो. मला खुपते ते हे की आपण त्या मर्यादांनाच ओपन सोर्स जगाच्या सीमा समजू लागलो आहोत.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला खर्चाचा: कोट्यवधी जुळण्या दाखवून उपयोग काय, वाचणार कोण? यादी कोणीच वाचणार नाही, हे खरे. आखूड शब्दाच्या शोधाला यादीआधी मोजणी हवी असते. किती प्रकल्पांत, कोणत्या भाषांत, कोणत्या प्रकारच्या फाइलींत, अवतरणचिन्हांत किती आणि बाहेर किती. अशी विभागणी समोर आली की माणूस चार पावलांत नेमक्या जागी पोहोचतो.

दुसरा आक्षेप गुपितांचा. जानेवारी २०१३ मध्ये गिटहबने नवा शोध सुरू केला आणि एका दिवसात लोकांना दिसले की अनेकांनी आपल्या खाजगी एसएसएच किल्ल्या चुकून सार्वजनिक रिपॉझिटरीत ठेवल्या आहेत. ॲमेझॉनच्या सेवांच्या किल्ल्या ठरावीक चार अक्षरांनी सुरू होतात; ती चार अक्षरे शोधणारे चोरही आहेत. पण किल्ली उघड्यावर पडली होतीच, शोधाने फक्त ती दाखवली. शोध बंद ठेवला तर ती चोराला मिळते आणि मालकाला कळत नाही. गिटहबने २०२१ मध्ये याचे उत्तर नेमके आखूड शब्दातून काढले. आपल्या प्रवेश-किल्ल्यांना त्यांनी तीन अक्षरे आणि एक अधोरेखा असा उपसर्ग दिला. अधोरेखा अशासाठी की तशा यादृच्छिक अक्षरमालेत ती आपोआप येत नाही, म्हणून चुकीच्या जुळण्या जवळजवळ संपतात. चार चिन्हांचा शब्द, पण शोधला जाण्यासाठीच घडवलेला. कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाने नाव ठेवताना एवढा विचार केला तर पुढच्यांचे कितीतरी श्रम वाचतील.

तिसरा आक्षेप आजचा: आता कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारा, शोध कशाला हवा? हे साधन चार चांगली उदाहरणे देईल, समजावूनही सांगेल. ‘सगळी ठिकाणे दाखव’ आणि ‘कुठेच नाही याची खात्री दे’ या दोन मागण्या मात्र आठवणीवर बोलणाऱ्या यंत्राकडून पुऱ्या होत नाहीत. त्यासाठी सूची आणि चाळणीच लागते. कोड लिहिणारे नवे सहायक प्रत्यक्ष काम करताना स्वतः ग्रेपसारखाच शोध चालवतात, यावरून काय ते समजावे.

‘कुठेच नाही’ हा शब्दप्रयोग मराठीच्या दृष्टीने कळीचा आहे. ‘एमआर’ शोधण्याच्या चांगल्या युक्त्या आहेत आणि त्या कोणालाही शिकता येतात. गेटटेक्स्ट वापरणाऱ्या प्रकल्पांत भाषांतराची फाइल संकेताच्या नावाची असते आणि तिचे शेपूट ‘पीओ’ असते. अँड्रॉइड ॲपमध्ये मजकुराच्या फोल्डरच्या नावाला जोडरेघेने संकेत लावलेला असतो. ग्लिबसीमध्ये संकेतापुढे अधोरेखा आणि भारताचे ‘आयएन’. कोडच्या आत भाषांची यादी असेल तर संकेत अवतरणचिन्हांत सापडतो आणि शेजारी अनेकदा बांगला, गुजराती, तमिळ यांचे संकेत असतात. प्रत्येक युक्ती वेगळ्या जगातली मराठी दाखवते. एकही युक्ती एकटी पुरत नाही. मात्र मराठी कुठे आहे यापेक्षा ती कुठे नाही हे कळणे भाषेसाठी अधिक गरजेचे आहे. हिंदीची आणि गुजरातीची फाइल आहे पण मराठीची नाही, असे प्रकल्प कोणते? मराठीची फाइल आहे, पण तिच्यातली निम्मी वाक्ये कोरी आहेत, असे कोणते? दोन आखूड शब्दांचे असणे आणि तिसऱ्याचे नसणे सगळ्या साठ्यावर एकाच वेळी तपासणारा प्रश्न गिटहबच्या शोधाच्या चौकटीत आज विचारता येत नाही.

तो विचारता यावा असे यंत्र उभारणे आपल्या आवाक्यात आहे. फ्रान्सच्या इनरिया या संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेला सॉफ्टवेअर हेरिटेज हा प्रकल्प जगभरचा सार्वजनिक सोर्स कोड जतन करतो, युनेस्कोचा त्याला पाठिंबा आहे, आणि तिथला साठा सर्वांचा आहे. जतन झाले आहे, शोधाचे काम मागे आहे. डेबियनचा २०१२ मधला १३० जीबी कोड आज साध्या लॅपटॉपच्या डिस्कवर मावतो, आणि भारतीय भाषांच्या प्रश्नासाठी सगळा कोडही लागत नाही; फाइलींची नावे, भाषांच्या याद्या आणि भाषांतराच्या फाइली एवढ्यांची सूची पुरे. पुण्यात सीडॅक आहे, तिने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम १९८० च्या दशकापासून केले आहे. राज्य मराठी विकास संस्था आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा मंजूर केल्यापासून भाषेवर काय खर्च करावा याची चर्चा चालू आहे. त्या चर्चेत हा एक सर्व्हर यावा, त्याची सूची बाइटऐवजी चिन्हांवर उभी असावी, त्याला लॉगिन नसावे, तो चालवणारा कोड खुला असावा. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन गटांनी मनावर घेतले तर पहिली आवृत्ती एका वर्षात होण्याजोगी आहे. प्रबंधासाठी स्टापेलबर्ग यांनी यापेक्षा अवघड काम केले. त्या सर्व्हरने दर महिन्याला एकच यादी काढावी: हिंदी आहे, गुजराती आहे, मराठी नाही. अनुवाद करायला तयार असलेली मराठी माणसे पुण्या-मुंबईत आहेत, बेळगावात आहेत, न्यू जर्सीत आहेत. कुठून सुरुवात करायची, हे त्यांना त्या यादीच्या पहिल्या ओळीवरून कळेल.